ओकुमूचं रक्त

किसुमूला, सरोवराच्या काठावर, ट्रक धुतात.
ओकुमू मांडीभर पाण्यात उभा, सकाळी सातपासून,
बादली, चिंधी, पिंढऱ्यांभोवती डिझेलचा तवंग
आणि लव्हाळ्यांना चिकटलेल्या नखाएवढ्या गोगलगाई.
ऊन चढलं की त्यांच्यातून सुटतात
शेपटीवाले कण, डोळ्यांना न दिसणारे,
माणसाच्या कातडीचा माग काढत.

मी त्याचं रक्त घेते. अकरा वर्षं झाली.
दर वेळी दंड पुढं करत तो विचारतो,
"अपोंडी, भाडेकरू अजून आहेत का?"

असायचे.
आतड्यालगतच्या शिरांत जोडीनं राहायचे, वर्षानुवर्षं,
त्याच्याच रक्तातले रेणू अंगावर पांघरून,
घरातलेच वाटावेत असे.
दारावरचे पहारेकरी रामराम करून सोडून द्यायचे.

मग आम्ही गोळ्या द्यायचो. मोठ्या, कडू,
तो उकडलेल्या रताळ्याबरोबर गिळायचा आणि शिव्या द्यायचा.
किडे मरायचे, पांघरूण फाटायचं,
आणि पहिल्यांदाच रक्ताला दिसायचं
आत खरोखर कोण होतं ते.

म्हणजे जिवंत किड्यानं काही शिकवलं नाही.
मेलेल्यानं शिकवलं.
तो परत पाण्यात उतरायचा, परत किडे, परत गोळ्या,
आणि दर फेरीला माझ्या प्लेटच्या शहाण्णव खळग्यांतला
त्याचा खळगा थोडा अधिक पिवळा.

आयजीई.
सगळ्या प्रतिपिंडांत सर्वांत थोडं.
इतरांना मिलिग्रॅममध्ये मोजतो, याला नॅनोग्रॅममध्ये,
समारंभात कोपऱ्यात उभ्या माणसासारखं, यादीत नाव शेवटी.
दोन हात आहेत, इतरांसारखेच,
पण कमरेला बिजागरी नाही,
त्या जागी एक जादा मणका, आणि धड वाकलेलं,
वाकून काहीतरी उचलणाऱ्यासारखं.
मोकळं रक्तात सोडलं तर दोन दिवसांत संपतं.
मात्र मास्ट पेशीच्या अंगावर पाय रोवला
की आठवडेच्या आठवडे हलत नाही,
हात बाहेर, पसरलेले, रिकामे.
शेजारी शेजारी उभ्या दोघांचे हात
एकाच परक्यावर पडले,
तरच पेशी आपली कोठारं फोडते.
एकट्याच्या सांगण्यावरून नाही.
हे मला फार आवडतं. का, ते माहीत नाही.

रात्री लीड्सहून बहिणीचा फोन.
जुडाला शाळेत कुणीतरी बिस्किट दिलं,
ओठ सुजले, घसा मिटत गेला,
मांडीत सुई टोचली म्हणून वाचला.
"शेंगदाणा, अपोंडी! आपण तर त्याच्यावरच वाढलो.
आई पोत्यावर बसून सोलायची.
याच्या रक्तात वाईट काय आहे?"

वाईट काही नाही, म्हटलं.
तेच आहे, ओकुमूचंच,
तसंच वाकलेलं, तसेच पसरलेले हात.
पण त्याला तळं नाही, गोगलगाय नाही, किडा नाही.
रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो.
ती हसली नाही.
मग मीही गप्प झाले. मला तरी कुठं सगळं कळलंय,
ओकुमूचा पुतण्याही याच काठावर राहतो
आणि दम्यानं रात्र रात्र बसून काढतो.

या खेपेला ओकुमूच्या विष्ठेत अंडी सापडली नाहीत.
मागच्या खेपेलाही नव्हती.
सांगितलं तर म्हणाला, "मग गोळ्या बंद?"
मी जुडाची गोष्ट सांगितली.
त्यानं चिंधी पिळली, विचार केला.
"पाठव त्याला इकडं. महिनाभर गाड्या धुवू दे."

असं नसतं, हे मी सांगणार होते.
पण एक ट्रक मागे मागे येत पाण्यात उतरत होता,
चालक हॉर्न वाजवत होता,
आणि ओकुमू, बादली उचलून,
कधीच मांडीभर पाण्यात गेला होता.

मी नळीवर त्याचं नाव लिहिलं, तारीख लिहिली.
बर्फ वितळायच्या आत पोचायला हवं.